सोनकी वहीवर चढते तेव्हा

गणपतीचं विसर्जन झालं की पुण्या-मुंबईत हस्तकलेच्या प्रदर्शनांचा हंगाम लागतो, तो थेट दिवाळीच्या तोंडापर्यंत. आकाशकंदील, पणत्या, साबण, उटणी यांच्या रांगेत अलीकडे आणखी एक टेबल हमखास दिसतं. त्यावर हातकागदाच्या, हाताने शिवलेल्या वह्या मांडलेल्या असतात आणि मुखपृष्ठांवर लिनोकटचे ठसे असतात. ठशांत बहुतेक करून रानफुलं: तेरडा, कारवी, सोनकी, कळलावी. गिऱ्हाईक वही उचलतं, कव्हरवरून बोट फिरवतं, पानं फर्रकन सोडतं, वासही घेऊन बघतं. मग मागे चिकटवलेली किंमत वाचतं आणि वही होती तिथे ठेवून देतं.

या टेबलाबद्दल तीन तऱ्हेच्या तक्रारी कानावर येतात. चित्रकार मंडळी म्हणतात, लिनोकट हे मुद्राचित्र आहे. त्याच्या प्रती मोजायच्या, खाली सही करायची आणि चौकटीत लावायचं. ते पुठ्ठ्यावर डकवलं की चित्राची स्टेशनरी झाली. वनस्पतींचे अभ्यासक निराळ्याच कारणाने कुरकुरतात. रानफुलांचं आधीच नको इतकं कौतुक झालं आहे, कासच्या पठारावर गाड्यांच्या रांगा लागताहेत, त्यात आता वह्यांची भर कशाला? तिसरी तक्रार तुमच्याआमच्यासारख्यांची. चारशे रुपयांची कोरी वही घ्यायची कोणी आणि तीत लिहायचं काय? यातली एकही तक्रार उडवून लावण्याजोगी नाही. पण तिन्हींचं वजन सारखंही नाही, आणि पहिलीत तर आम्हांला फारसा दम वाटत नाही.

लिनो हा मुळात जमिनीवर अंथरायचा माल. जवसाचं तेल हवेने घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाचा भुसा आणि राळ कालवायची आणि तो गोळा तागाच्या कापडावर थापायचा, अशा कृतीने इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात तो काढला. चित्रकारांनी पुढे त्याला हात घातला तो अगदी रोकड्या कारणांनी. लाकडापेक्षा तो मऊ, लाकडासारखे उभे-आडवे धागे त्याला नाहीत आणि स्वस्त. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक मुलांच्या चित्रकलेच्या वर्गात तो वापरत. त्यामुळे लिनोकट म्हणजे पोरांचा उद्योग, असा शिक्का बरीच वर्षं बसून राहिला. १९२०च्या दशकात लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये शिकवणाऱ्या क्लॉड फ्लाइट यांना तर लिनोचे ठसे सामान्य माणसाच्या खिशाला परवडावेत, सिनेमाच्या तिकिटाच्या भावात मिळावेत असं वाटे. त्यांच्या शिष्यांच्या त्याच ठशांना आता लिलावात हजारो पौंड पडतात, हा भाग वेगळा.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. दांडीयात्रेच्या वर्षी, म्हणजे १९३० साली, नंदलाल बोस यांनी काठी टेकत निघालेले गांधीजी काळ्या-पांढऱ्यात कोरले, तो लिनोकटच. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या पहिल्या पुस्तकात नंदलालांची जी चित्रं आहेत, तीही लिनोत कोरलेली. मुंबईत अंधेरीला राहणाऱ्या चित्तप्रसाद यांनी वर्षानुवर्षं लिनो कोरला, कारण थोड्या पैशांत पुष्कळ प्रती निघत आणि त्या पुष्कळांपर्यंत पोचत. लिनोचा ठसा या देशात पुस्तकातून आणि हातोहाती फिरत आला. ‘पंचवीसपैकी तिसरी प्रत’ असं पेन्सिलीने लिहिण्याची रीत बाजाराने पाडली, साच्याने नव्हे. लिनोचा साचा शे-दोनशे ठसे सहज देतो. तेव्हा ठसा वहीवर आला म्हणजे त्याची पायरी घसरली, हे म्हणणं टिकत नाही.

चित्रकारांच्या बाजूने एवढं मात्र मान्य करायला हवं, की वही वापरायची वस्तू आहे. पिशवीतल्या किल्ल्या, चहाचा कप, घामट तळवा हे सगळं त्या ठशाच्या वाट्याला येणार. तेलाची शाई पुरती वाळली नसेल तर महिन्याभरात कव्हर काळवंडतं आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्यालाही फूल उमटतं. म्हणून मुखपृष्ठासाठी ठसा काढणाऱ्याने चौकटीतल्या चित्रापेक्षा जास्त काळजी घ्यायची असते. शाई पातळ लावायची, पुरेसे दिवस थांबायचं, वरून मेणाचा हात द्यायचा. स्टेशनरी म्हटल्यावर काम सैल चालतं, असं जर कोणी समजत असेल तर तक्रार त्या समजाविरुद्ध असावी.

आता फुलाकडे येऊ, कारण खरा मामला तिथे आहे.

सोनकी घ्या. सप्टेंबरात कासचं पठार पिवळं दिसतं त्यात मोठा वाटा हिचा. सिंहगडावर, पुरंदरावर, घाटातल्या कुठल्याही उतारावर ती असतेच. फोटोत तिचं सगळं काम पिवळा रंग करतो. काळ्या लिनोकटात रंग नसतो. एका शाईच्या ठशात दोनच गोष्टी असतात: कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं. मग कोरणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, ही सोनकी आहे हे कशावरून कळणार? फुलावरून कळत नाही. मधे चकती आणि भोवती पाकळ्यांचा फेर हा आकार सूर्यफुलाच्या सगळ्या गोतावळ्याचा आहे. मग नजर खाली उतरते. पानाच्या कडेला दाते आहेत. पानं देठावर एकाआड एक येतात, समोरासमोर नाहीत. झाड बुटकं आहे, फांद्या वरच्या अंगाला फुटतात आणि फुलं झुबक्याने येतात. हे सगळं व्ही आकाराच्या पात्याने, मिलिमीटरभर जाडीच्या रेघेत आणायचं. पाकळी सोपी, यू आकाराचं गाउज एकदा पुढे ढकललं की एक पाकळी निघते. चकतीसाठी मात्र काळी ठिपक्यांची जागा राखावी लागते, आणि राखणं हे कोरण्यापेक्षा अवघड. पानाचे दाते कोरताना हात घाईत असला की ते करवतीसारखे एकसारखे होतात, आणि खऱ्या पानाचे दाते कधीच एकसारखे नसतात.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे कॉसमॉस. पुण्याच्या टेकड्यांवर, साताऱ्याच्या रस्त्यांच्या कडेला पावसाळा सरताना जी नारिंगी-पिवळी फुलं दाटून येतात, त्यांतली पुष्कळशी मूळ मेक्सिकोकडच्या कॉसमॉसची आहेत. बागेतून सुटून ती माळावर आली आणि देशी गवत-फुलांची जागा खाऊ लागली. प्रदर्शनातल्या ‘सह्याद्रीची रानफुलं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वह्यांवर आम्ही कॉसमॉस अनेकदा पाहिलं आहे. दिसायला ते सुबक. आठ रुंद पाकळ्या, कोरायलाही सोपं. पण त्याचं पान झेंडूच्या पानासारखं चिरत गेलेलं असतं आणि जोड्या समोरासमोर. सोनकीच्या शेजारी ठेवलं तर रंग चुकवील, पान चुकवणार नाही. आणि लिनो तर रंग काढूनच घेतो. म्हणून आम्हांला वाटतं की रानफुलं लोकांच्या ओळखीची करायची असतील, तर रंगीत फोटोपेक्षा काळा ठसा कदाचित जास्त उपयोगी पडेल. ज्याने सोनकी कोरली त्याला ती जन्मभर ओळखू येते. ज्याने ती रोज वहीवर पाहिली त्यालाही निदान पानाकडे बघायचं असतं एवढं कळतं.

पण हीच गोष्ट उलटी फिरू शकते, कारण लिनो खोटंही सफाईने बोलतो. ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो. सोनकीचं त्याने काही बिघडत नाही, वेलीचं बिघडतं. बहुतेक वेली आधाराला विळखा घालताना एकच दिशा पाळतात. कंदीलपुष्पाची, म्हणजे खरचुडीची वेल कोणी समोर बघून थेट लिनोवर काढली आणि तशीच कोरली, तर कागदावर ती नेमकी उलट्या दिशेने चढते. सामान्य माणसाच्या ध्यानात येणार नाही. वनस्पती जाणणाऱ्याच्या पहिल्या नजरेत येईल. उपाय सोपा आहे, ट्रेसिंग कागद उलटा ठेवून रेखाटन उतरवायचं. पण तो करावा लागतो हे आधी माहीत असायला हवं.

दुसरी लबाडी मापाची. सीतेची आसवं हे फूल बोटाच्या नखाएवढं. ओल्या कातळावर हजारोंनी एकत्र आलं म्हणून जांभळी झाक दिसते, एकटं असतं तर पायाखाली गेलं तरी कळलं नसतं. वहीवर ते तळहाताएवढं होतं, कारण लिनोत नखाएवढं कोरता येत नाही. मग वही विकत घेतलेला माणूस पठारावर जाऊन तळहाताएवढं फूल शोधतो आणि ज्यावर उभा आहे त्याकडे त्याचं लक्षच जात नाही. आमचं म्हणणं, मलपृष्ठावर एका कोपऱ्यात फुलाचं खरं माप छोट्या आकृतीने दाखवावं. जुन्या वनस्पतिग्रंथांत हे होत असे. वहीला त्याने कमीपणा येत नाही.

गर्दीची तक्रार तोलताना थोडा तपशील लागतो. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातली चार, त्यांत कास. त्यानंतर तिथे जी गर्दी लोटली ती सगळ्यांना ठाऊक आहे. आता हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आसपासच्या गावांची समिती व्यवस्था बघते. ही गर्दी वह्यांनी आणलेली नाही, मोबाइलवरच्या फोटोंनी आणलेली आहे. वहीवरची सोनकी बघून कोणी साताऱ्याची एसटी पकडत नाही. तेव्हा अभ्यासकांनी या टेबलावर राग काढू नये.

राग काढायचाच तर फुलं चिकटवलेल्या वह्यांवर काढावा. खरी फुलं दाबून, वाळवून कव्हरवर डकवायची किंवा लगद्यातच पाकळ्या टाकून कागद करायचा, असा प्रकार याच बाजारात चालतो. बागेतली शेवंती असेल तर हरकत नाही; रानातली फुलं असतील तर प्रत्येक वहीमागे एक झाड बोडकं होतं. लिनोचं तसं नाही. एकदा झाडापाशी बसून रेखाटन केलं की पुढच्या दोनशे वह्यांना रानातलं एकही फूल लागत नाही. कारवीच्या बाबतीत तर तेवढी एक संधी सात-आठ वर्षांतून येते. मधल्या वर्षांत ज्यांनी कोरली त्यांनी फोटोवरून कोरली, आणि त्यात काही वावगं नाही, फोटो स्वतःचा असला म्हणजे झालं.

अभ्यासकांचा एक मुद्दा मात्र आम्ही जसाच्या तसा उचलतो. दुर्मीळ फुलाखाली ठिकाण लिहू नये. खरचुडीच्या काही जाती फार थोड्या जागी उरल्या आहेत, आणि तिचे कंद उकरून खाल्ले जातात. अशा वेळी ‘अमुक गडाच्या अमुक माचीवर पाहिलं’ ही मलपृष्ठावरची भाबडी ओळ महागात पडू शकते. जिल्ह्याचं नाव पुरे. त्याहून बरं म्हणजे दुर्मीळाचा हव्यासच सोडावा. तेरडा, नभाळी, सोनकी, कवला ही फुलं प्रत्येकाच्या गावाबाहेरच्या माळावर आहेत, आणि त्यांना नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी. अलीकडे ‘पेरा आणि उगवा’ म्हणून बियांच्या कागदाच्या वह्याही येऊ लागल्या आहेत. त्यांत बहुधा तुळस नाहीतर झेंडू असतो. घरच्या कुंडीत लावावा, माळावर फेकू नये. कॉसमॉसचं उदाहरण ताजं आहे.

तिसरी तक्रार पैशांची, आणि आमच्या मते सगळ्यांत जड तीच.

शाळेच्या दुकानात शंभर पानांची वही तीस-चाळीस रुपयांना मिळते. या वहीला चारशे-पाचशे का पडतात? एकेक पायरी बघितली की उत्तर मिळतं. कागद कापडाच्या चिंध्यांचा, मुख्यतः होजिअरीच्या कारखान्यांतल्या सुती कात्रणांचा. त्या कुटायच्या, लगदा करायचा, जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून हे करते. त्याआधी जुन्नरचा आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद दफ्तरांत वापरला जाई. हा कागद जाड, चिवट आणि पाण्याचा भुकेला. कव्हरला उत्तम, आतल्या पानांना नेहमीच चांगला असं नाही. खळ नीट बसवली नसेल तर फाउंटन पेनाची शाई पसरते. पुष्कळ वह्या इथेच फसतात. कव्हर देखणं, आत लिहायला गेलं की अक्षराला मिशा फुटतात. आत साधा, पातळ, गिरणीचा कागद वापरला तर वही हलकी होते आणि लिहिणं सुकर होतं. तो वापरून ‘संपूर्ण हातकागद’ असं न लिहिणं, एवढीच अट.

मग पावसाळा. फुलं फुलतात ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि हवेत त्या वेळी इतका दमटपणा असतो की तेलाची शाई आठवडाभर चिकट राहते. ठसे दोरीवर टांगायचे आणि रोज बोट लावून बघायचं. हातकागद ओल धरतो, फुगतो. त्यावर खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवलं तर सुकताना पुठ्ठा वाकतो. खळीत जुने बाइंडर मोरचूद घालतात ते किडीसाठी. दमट दिवसांत आलेल्या बुरशीपुढे कधी कधी त्याचंही काही चालत नाही. शहाणा कारागीर पावसात नुसतं रेखाटतो आणि कोरतो, ठसे ऑक्टोबरच्या उन्हात काढतो, वह्या त्यानंतर बांधतो. पण मागणी असते दिवाळीची. म्हणून यंदाच्या टेबलावरची फुलं बहुतेक वेळा गेल्या वर्षीची असतात. याला कोणी फसवणूक म्हणू नये.

शिलाईबद्दल आमचं मत जरा कडक आहे. वहीच्या कडेला भोकं पाडून रंगीत दोऱ्याने घातलेली जपानी शिलाई प्रदर्शनात फार उठून दिसते आणि पटकन होते. पण ती वही सपाट उघडत नाही. डाव्या पानाचा आतला भाग लिहायला मिळतच नाही. आपल्या बाइंडरांची जुजबंदी, म्हणजे चार-चार ताव दुमडून प्रत्येक जुळणीच्या मधोमध दाभण घालून शिवायचं आणि सगळ्या जुळण्या एकमेकींत गुंतवायच्या, ही वेळखाऊ. सरावलेल्या हातालाही एका वहीला अर्धा-पाऊण तास लागतो. पण वही टेबलावर पालथ्या पंजासारखी पडते आणि वर्षं टिकते. ज्याला माळावर गुडघ्यावर वही ठेवून पेन्सिलीने फुलाची नोंद करायची आहे, त्याला हीच लागते. चारशे रुपये घेणार असाल तर जुजबंदी द्या, एवढं म्हणण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

आणि तरीही चारशे रुपये हे चारशे रुपयेच. हिशेब खरा असला म्हणून खिसा मोठा होत नाही. अशा वह्यांतल्या बऱ्याच भेट म्हणून दिल्या जातात, आणि ज्यांना मिळतात ते ‘यात काहीतरी चांगलंच लिहू’ म्हणून त्या कपाटात ठेवतात. लिहिण्याच्या वस्तूवर लिहायची भीती वाटावी हा काही तिचा गौरव नाही. क्लॉड फ्लाइट यांची इच्छा इथे पुन्हा आठवते. ठसा स्वस्त असावा म्हणूनच तर लिनो निवडला होता. हाताने केलेल्याची किंमत हाताने करण्यामुळे वाढते, आणि वाढली की ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर राहतो. या पेचातून पूर्ण सुटका आम्हांला दिसत नाही.

अर्धी सुटका दिसते, आणि तिच्यावरून मतभेद होतील. मूळ ठसा स्कॅन करून ऑफसेटवर छापलेल्या वह्याही काढाव्यात. शाळेच्या मुलांसाठी, शंभर रुपयांच्या आत, साध्या पिना मारलेल्या. सोनकी तीच, दाते तेच, आत दर काही पानांनंतर एका रानफुलाचं नाव आणि दोन ओळी माहिती. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण ‘सहज पाठ’च्या प्रतीही मुलांच्या हातात गेल्या त्या छापखान्यातूनच, आणि त्याने नंदलालांचं काही गेलं नाही.

हरकत घ्यायची ती लपवाछपवीला. प्रदर्शनांत आज स्कॅन केलेली, किंवा संगणकावर ‘लिनोसारखी’ बनवलेली चित्रंही ‘हाताने छापलेली’ म्हणून चारशेला विकली जातात. ओळखायची कशी? वही उजेडाकडे तिरकी धरावी. खऱ्या ठशात शाई कागदाच्या दाण्यांवर बसलेली असते, खळग्यांत नसते, आणि रेषेच्या कडेला दाबाने शाईची बारीक कड उमटते. मोकळ्या पांढऱ्या जागेत कोरताना राहून गेलेले उंचवटे पुसट काळ्या ओरखड्यांसारखे दिसतात. हे ओरखडे दोन वह्यांवर त्याच जागी येतात, पण एकीवर गडद, दुसरीवर फिके, कारण शाई आणि दाब प्रत्येक वेळी जरा बदलतो. दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि ओरखड्यांची गडदताही हुबेहूब निघाली, तर ते छापखान्याचं काम. तसंच ‘पर्यावरणपूरक’ या शिक्क्याचं. खरा लिनो जवस, बूच, राळ आणि तागाचा. पण हौशी लोकांसाठी मिळणारे मऊ, पांढरट, रबरासारखे ठोकळे बहुतेक कृत्रिम असतात. ते वापरावेत, कोरायला सोपे पडतात, मुलांच्या हातालाही बरे. फक्त शिक्का मारू नये.

राहिला प्रश्न नावांचा. १८४७ ते १८५०च्या सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली एका इथल्याच चित्रकाराने वनस्पतींची उत्कृष्ट रंगचित्रं काढली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, ‘दापुरी चित्रं’ म्हणून ती ओळखली जातात. गिब्सन यांचं नाव त्यांच्याशी कायमचं जोडलं गेलं. चित्रं ज्याच्या हाताने उतरली त्याचं नाव कोणी टिपूनच ठेवलं नाही. आजच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिनो कोरणाऱ्याची सही असते, आणि असावीच. पण शिलाई बहुधा दुसऱ्याच कोणी केलेली असते, पुष्कळदा घरबसल्या काम घेणाऱ्या बायांनी, नगावर. त्यांचं नाव तिथे नसतं आणि चारशेतले त्यांच्या वाट्याला किती आले हेही विचारून कळत नाही. दोन्ही गोष्टी छापायला खर्च काहीच नाही. शेवटच्या पानावर फुलाचं नाव, खरं माप, कोरणाऱ्याचं नाव, शिवणाऱ्याचं नाव, आतला कागद कुठला, आणि ठसा साच्यावरून काढला की छापखान्यात, एवढं लिहावं. चारशेची आणि ऐंशीची वही एकाच टेबलावर शेजारी ठेवावी, दोन्हींवर हेच पान असावं आणि निवड गिऱ्हाइकावर सोडावी.